कच्च्या रेघेचा मान

घर बांधायला काढले की घरात दोन नकाशे तयार होतात. पहिला इंजिनिअरच्या ऑफिसातून येतो. गुळगुळीत कागदावर छापलेला, रंगीत. त्यात बंगल्यापुढे हिरवळ असते, दारात पांढरी मोटार उभी असते आणि मागचे आभाळ आपल्या गावात कधी न दिसणाऱ्या निळ्या रंगाचे असते. घरातली मंडळी तो कागद हातोहात फिरवतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि परत देतात. दुसरा नकाशा प्रत्यक्ष प्लॉटवर निघतो. मिस्त्री दोरी ताणतो आणि चुन्याची फक्की टाकत जमिनीवर खोल्या आखतो. त्या पांढऱ्या रेघांच्या आत आजी पदर सावरत जाऊन उभी राहते आणि विचारते, ‘ही मोरी म्हणायची का? इथे बादली ठेवली तर माणूस बसणार कुठे?’ मग सुनेलाही बळ येते. ‘ओटा खिडकीखाली हवा होता,’ ती म्हणते. शेजारचे काका रस्त्यावरूनच जिन्याबद्दल सल्ला देतात. मिस्त्री वैतागतो, पायाने एक रेघ पुसतो आणि हातभर पलीकडे दुसरी टाकतो.

घर तेच. पण रंगीत कागदाला बोट लावायची कुणाची छाती होत नाही. तो पाहून वाटते की सगळे ठरूनच गेले आहे, आता आपण काय बोलणार? चुन्याची रेघ मात्र आपण होऊन सांगते की अजून काही ठरलेले नाही, बोलायचे ते आत्ता बोला.

संगणकाच्या जगात या चुन्याच्या आखणीला ‘वायरफ्रेम’ म्हणतात. शब्दशः, तारेचा सांगाडा. वेबसाइट बांधण्याआधी तिच्या पानापानाचा असा सांगाडा काढतात. वर नावाची पट्टी, डावीकडे यादी, मध्ये चार चौकोन, खाली ‘पुढे चला’चे बटण. रंग नाही, नक्षी नाही. छायाचित्राच्या जागी नुसता फुली मारलेला चौकोन. एवढे कागद पुढे ठेवून वापरणाऱ्याला विचारायचे, तुला हवे ते यात सापडते का? बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण हा पोरखेळ नीट खेळता यावा, त्यात चार जणांना भाग घेता यावा, म्हणून वेबवर चालणारी साधने घडवण्यात काही हुशार माणसांनी आपली उमेदीची वर्षे घातली. त्यांची गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण बँकेच्या, रेल्वेच्या आणि पेन्शनच्या पडद्यांपुढे अडकून बसणाऱ्या आपल्या सगळ्यांशी तिचा संबंध आहे.

बाजूची वही

बँकेत मी तीसहून अधिक वर्षे नोकरी केली. जाडजूड लेजरे, व्हाउचरांचे गठ्ठे आणि पितळी टोकने यांच्या जगातून आमची पिढी संगणकापुढे येऊन बसली. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल अहवाल दिला. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली आणि पुढे सगळ्या शाखा एका मध्यवर्ती संगणकाला जोडणारी कोअर बँकिंगची पद्धत आली. सोय किती झाली हे सांगायला नको. परगावच्या शाखेतून आपल्या खात्यातले पैसे काढता येतात, हे सुख आमच्या वडिलांच्या पिढीला ठाऊक नव्हते.

पण ते पडदे काउंटरवर आले ते रंगीत नकाशासारखे, तयार होऊन. मी होतो त्या एका ग्रामीण शाखेत खाते उघडण्याच्या पडद्यावर पत्त्यासाठी मोजक्या अक्षरांच्या दोन ओळी होत्या. शहरातल्या सोसायटीचा फ्लॅट नंबर त्यात मजेत बसे. पण ‘मुक्काम अमुक वस्ती, पोस्ट तमुक, मारुतीच्या देवळामागे’ आणि त्यापुढे तालुका-जिल्हा, हा पत्ता अर्ध्यातच तुटे. आमच्या काउंटरवरच्या क्लार्कने त्यावर तोड काढली. शंभर पानी एक वही आणून तिच्यात ते खातेक्रमांक आणि ‘उरलेला पत्ता’ लिहू लागले. टपाल परत आले की आधी वही उघडायची. लाखो रुपयांच्या यंत्रणेला एका वहीचा टेकू लागला होता. त्या वहीत जे होते ते पडद्यावर असायला हवे होते. पण पडदा आखला जात असताना ते त्या क्लार्कना कुणी विचारले नव्हते.

ज्याला वापरायचे त्याला वेळेवर विचारणे, हे वायरफ्रेमचे सगळे प्रयोजन आहे. कागदावर चौकोन लांब करायला खोडरबर पुरते. तोच चौकोन प्रोग्रॅम लिहून, तपासून, हजार शाखांत पोचल्यावर लांब करायचा तर मंजुरीपासून सुरुवात करावी लागते.

सरळ रेघ सोपी, वाकडी अवघड

मग सरळ पेन्सिल आणि कागद का घेऊ नये? घ्यावाच. अनेक नामांकित डिझाइनर आजही तेच करतात. अडचण येते ती संख्येची आणि अंतराची. दहा पाने हाताने काढता येतात. दीडशे पानांच्या वेबसाइटमध्ये प्रत्येक पानावरची तीच पट्टी दीडशे वेळा काढायची आणि तिच्यातला एक शब्द बदलला की दीडशे वेळा खोडायचे, हे माणसाचे काम नव्हे. शिवाय डिझाइनर पुण्यात, प्रोग्रॅमर बंगळुरूला आणि गिऱ्हाईक लंडनला असेल, तर कागद कुणाच्या टेबलावर ठेवणार?

म्हणून संगणक हवा. पण संगणकाची खोड उलटी. एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम सादर केला. टीएक्स-२ या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून त्यात आकृत्या काढता येत. वेडावाकडा चौकोन काढायचा, त्याच्या बाजू काटकोनात हव्यात असे संगणकाला बजावायचे, की तो चौकोन ठाकठीक करून दाखवी. पाहणारे थक्क झाले. तेव्हापासून संगणकाने माणसाची रेघ सरळ करून द्यायची, हा शिरस्ताच पडला.

हा गुण सुरुवातीच्या विचारात अडथळा ठरतो, हे ध्यानात यायला तीसेक वर्षे गेली. मनात कल्पना धूसर असते, पण संगणक विचारतो: बटण किती रुंद? रंग कोणता? अक्षरे कोणत्या वळणाची? माणूस त्या उत्तरांत गुंततो आणि मूळ प्रश्न, म्हणजे बटण हवे की नको, तो राहूनच जातो. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स लँडे आणि ब्रॅड मायर्स यांनी १९९५ मध्ये ‘सिल्क’ नावाचे साधन मांडले. लेखणीने काढलेली रेघ ते वाकडीच ठेवी, पण ‘हे बटण असावे’ एवढे ओळखून त्याला बटणासारखे वागायला लावी. पुढे बर्कलीला गेल्यावर लँडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वेबसाइटच्या आखणीसाठी ‘डेनिम’ तयार केले. त्यात दुरून पाहिले की साऱ्या वेबसाइटचा नकाशा दिसे आणि जवळ गेले की एकेक पान. १९९६ मध्ये जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या संशोधकांनी वास्तुविशारदांना एकाच इमारतीची वेगवेगळ्या धाटणीची चित्रे दाखवली. पहिल्या बैठकीत दाखवायला बहुतेकांनी हाताने काढल्यासारखे दिसणारे चित्र निवडले. आपल्या मिस्त्रीला हे कुणी शिकवावे लागले नव्हते, पण विद्यापीठात ते सिद्ध करावे लागते.

व्हिनेगरच्या गावचा प्रोग्रॅमर

प्रयोगशाळेतली ही समज बाजारात आणली ती इटलीच्या एका तरुणाने. जाकोमो गुइलिझोनी हे त्यांचे नाव, पण सगळे त्यांना ‘पेल्डी’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोला अ‍ॅडोबी या बड्या कंपनीत ते प्रोग्रॅमर होते. ती नोकरी सोडून ते इटलीत बोलोन्याला परतले आणि जून २००८ मध्ये एकट्याच्या बळावर ‘बाल्सामिक मॉकअप्स’ विक्रीला काढले. नाव त्या मुलखातल्या प्रसिद्ध व्हिनेगरवरून घेतलेले. मोडेनाचे ते पारंपरिक व्हिनेगर लाकडी पिंपांत निदान १२ वर्षे मुरवतात. आपल्याकडच्या जुन्या लिंबाच्या लोणच्यासारखीच त्याची ऐट.

पेल्डींचे साधन उघडले की वर वस्तूंची पट्टी दिसते. बटण, यादी, चौकट, नकाशा, तक्ता. हवी ती वस्तू ओढून कागदावर टाकायची. शोधायचाही कंटाळा असेल, तर नावाची दोन-तीन अक्षरे टाइप केली की वस्तू हजर. यादी हवी असेल तर एकाखाली एक शब्द लिहायचे, त्याची यादी साधन करते. आणि हे सगळे दिसते कसे? शाळकरी पोराने शिसपेन्सिलीने काढल्यासारखे. रेघा किंचित थरथरत्या, कोपरे न जुळणारे, अक्षर हस्तलिखितासारखे. ही हौस किंवा हलगर्जी नव्हती, योजना होती. पाहणाऱ्याला हे पक्के काम आहे असा भास होताच कामा नये आणि काढणाऱ्यालाही रंगरंगोटीत रमायची सोय नको. सदरलँड यांच्या संगणकाने वाकडी रेघ सरळ केली, त्याला ४५ वर्षे झाल्यावर संगणकाला वाकडी रेघ शिकवावी लागली.

हे शिकवणे वाटते तितके सोपे नाही. संगणकाकडून वाकडी रेघ काढून घ्यायची तर तिच्या बिंदूंना सोडतीच्या आकड्यांप्रमाणे थोडे इकडेतिकडे ढकलावे लागते. पण पडद्यावरचे चित्र सतत नव्याने काढले जाते. दर वेळी नवी सोडत काढली तर तोच चौकोन हलवताना थंडी भरल्यासारखा कापत राहील. म्हणून ख्रिस्तोफर शेदो यांनी जानेवारी २०२० मध्ये सुरू केलेल्या आणि टाळेबंदीच्या काळात घरोघरच्या प्रोग्रॅमरांनी आपल्याशा केलेल्या ‘एक्सकॅलिड्रॉ’ या साधनात प्रत्येक आकृतीबरोबर एक बीजांक जपून ठेवतात. बीज तेच, म्हणून थरथरही तीच. माणसाची सही दर वेळी थोडी वेगळी उमटते आणि तरी ओळखू येते. यंत्राला तेवढीही मोकळीक देऊन चालत नाही.

बाल्सामिकची उभारणी ‘फ्लॅश’ या अ‍ॅडोबीच्या तंत्रावर झाली होती. वेबवरची हलती चित्रे एके काळी त्यावरच चालत. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला. ज्याचा पायाच दुसऱ्याच्या मालकीचा, त्याला हे भोगावे लागते. पेल्डींच्या कंपनीने ती वेळ येण्याआधी आपले साधन नव्या तंत्रात पुन्हा बांधले. वापरणाऱ्याला बाहेरून पट्टी तीच, रेघ तीच. आतले सगळे वासे मात्र बदललेले.

एका कागदावर चार हात

दुसरा प्रश्न उरला होता तो टेबलाचा. वेगवेगळ्या गावची माणसे एकाच कागदाभोवती कशी बसवायची? अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस या दोघांनी २०१२ मध्ये त्याला हात घातला. फील्ड यांनी एक लाख डॉलरची थील फेलोशिप घेऊन शिक्षण अर्धवट सोडले होते. त्यांच्या साधनाचे नाव ‘फिग्मा’. वायरफ्रेमपासून अखेरच्या रंगीत पानापर्यंत सारे त्यात करता येते. ते मर्यादित लोकांसमोर आले डिसेंबर २०१५ मध्ये आणि सर्वांसाठी खुले झाले २०१६ मध्ये. मधली तीन-साडेतीन वर्षे नुसती पायाभरणी. ब्राउझर हा मुळात मजकूर वाचायला केलेला. त्यात भराभर चित्र काढता यावे म्हणून त्यांनी संगणकाच्या चित्रे काढणाऱ्या चिपशी थेट बोलणारे यंत्र स्वतः लिहिले.

त्यांची हिशेबाची रीत पाहिल्यावर माझ्यातला बँकवाला दचकला. दोघांनी एकाच वेळी एकच चौकोन बदलला तर? फिग्मात चौकोनाची रुंदी, रंग, जागा अशी प्रत्येक गोष्ट स्वतंत्र नोंदलेली असते. एकाने रंग बदलला आणि दुसऱ्याने जागा, तर दोन्ही बदल टिकतात. दोघांनी रंगच बदलला, तर मध्यवर्ती संगणकापर्यंत जो मागून पोचला त्याचा रंग राहतो. बँकेत असे चालेल का? एका खात्यात १,००० रुपये आहेत, दोन खिडक्यांवर दोघे प्रत्येकी ८०० रुपये काढत आहेत आणि मागून येईल त्याची शिल्लक खरी! संध्याकाळी मॅनेजरला घाम फुटेल. म्हणून आमच्याकडे पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत ते खाते दुसऱ्याला अडवून ठेवतात. चित्राच्या कागदावर मात्र तशी अडवणूक लागत नाही, कारण दोघे एकमेकांना पाहत असतात. दुसऱ्याचा बाण त्याच्या नावासह पडद्यावर फिरताना दिसतो. रंग पुन्हा बदलला तर लगेच विचारता येते, ‘का हो, निळा आवडला नाही का?’ यंत्राने भांडण मिटवण्याऐवजी माणसांना ते बोलून मिटवू दिले.

आणखी एक युक्ती आपल्या ओळखीची आहे. एकावर एक ठेवलेल्या आकृत्यांचा क्रम ठेवायला त्यांना अपूर्णांक दिलेले असतात. ०.३ आणि ०.४ यांच्यामध्ये नवी आकृती आली तर तिला ०.३५ द्यायचे, बाकीच्यांचे आकडे बदलायला नकोत. गावठाणात १२ आणि १३ नंबरच्या घरांमध्ये नवे घर उभे राहिले की आपणही त्याला १२-अ म्हणून मोकळे होतोच.

सुरुवातीला काही डिझाइनरांना हे सामायिक टेबल मुळीच रुचले नाही. काम चालू असताना कुणीतरी खांद्यावरून डोकावणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांची तक्रार खोटी नव्हती. कच्चे काम दाखवायला धीर लागतो. पण हळूहळू प्रोग्रॅमर, विक्रेते, गिऱ्हाइके सारेच त्या कागदापाशी येऊन उभे राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅडोबीने २,००० कोटी डॉलरना फिग्मा घ्यायचे जाहीर केले. युरोप आणि ब्रिटनमधल्या स्पर्धा-नियामकांच्या हरकतींनंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला आणि जुलै २०२५ मध्ये फिग्माचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. आकडे मोठे आहेत. पण एवढे मोल आले कशाला, तर एकत्र बसून बोलायच्या जागेला.

चौकोनात मराठी बसते का?

वायरफ्रेममध्ये मजकुराची जागा भरायला एक मोडकेतोडके लॅटिन वापरायची जगभर रीत आहे. ‘लोरेम इप्सुम’ असे ते सुरू होते. सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५ मधल्या ग्रंथातून ते आले आहे आणि त्याला सलग अर्थ नाही. रोमन अक्षरे त्यात आटोपशीर दिसतात आणि पान छान भरते. मग त्याच पानात मराठी ओतली जाते. ‘सेव्ह’ या अक्षरांच्या मापाने कापलेल्या बटणात ‘जतन करा’ मावत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. ‘र्‍हस्व’, ‘कर्तृत्व’ अशा जोडाक्षरांचे पाय कापले जातात. नावाच्या चौकटीत मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, याचे उत्तर लॅटिन देत नाही. मराठी वेबसाइटचा सांगाडा मराठी शब्दांनीच भरावा, तोही खऱ्या शब्दांनी. सर्वांत लांब आडनाव, सर्वांत लांब पत्ता आणि रागावलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार एकदा त्यात घालून पाहावी. आमच्या क्लार्कची वही तिथे उपयोगी पडली असती.

आता गोष्टीने नवे वळण घेतले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना चार वाक्ये सांगितली की रंग, छायाचित्रे, सावल्यांसकट पूर्ण पान काही क्षणांत पुढे येते. याचा फायदा मी नाकारत नाही. ज्याला चित्र काढता येत नाही अशा बचतगटालाही आपली कल्पना दाखवता येईल आणि पान फुकटात झाले म्हटल्यावर फाडायलाही जीव खालीवर होणार नाही. पण पाहणाऱ्याला ते फुकटात झाले आहे हे ठाऊक नसते. त्याला दिसतो पक्का रंगीत नकाशा. तो ‘छान आहे’ म्हणतो आणि परत देतो. चुन्याची फक्की टाकायची पायरी अशी वगळली गेली, तर आजीचा मोरीबद्दलचा प्रश्न भिंत उभी राहिल्यावर येईल.

त्या प्रश्नाची किंमत काय असते, ते दर नोव्हेंबरमध्ये दिसते. पेन्शनर मंडळींच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. बँकेत खेपा घालणाऱ्या वृद्धांना तो मोठा दिलासा होता. पण दाखला बोटांच्या ठशांवर किंवा डोळ्यांच्या बुबुळांवर अवलंबून होता आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या, कुदळ मारलेल्या हातांचे ठसे यंत्राला पटेनात. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधल्या सात वर्षांत किती जणांनी यंत्रावर पुन्हापुन्हा अंगठा दाबला असेल!

चांगले डिझाइनर सांगाडा आखताना सगळे सुरळीत झाल्याचे पान काढून थांबत नाहीत. काम अडले तर काय दिसेल, त्याचेही पान काढतात. आपल्या सोसायटीची, मुलांच्या शाळेची, गावच्या पतसंस्थेची वेबसाइट होऊ घातली असेल, तर समितीत बसणाऱ्यांनी रंगीत पान पाहण्याआधी हे कच्चे कागद मागावेत. ते सोसायटीच्या वॉचमनपुढे, शाळेच्या शिपायापुढे, पतसंस्थेच्या सत्तरीतल्या ठेवीदार बाईंपुढे ठेवावेत आणि हातात पेन्सिल द्यावी. ‘अंगठा उमटला नाही तर मी कुठे दाबायचे?’ असे त्यांनी विचारले, की त्या जागी एक रिकामा चौकोन काढावा आणि त्याचे उत्तर सापडेपर्यंत पुढचे काम सुरू करू नये.